आधी गुडघा बघणाऱ्या डॉक्टरीणबाई

"आधी गुडघा दाखव."

पोर खोकल्यानं आलेलं असो की जंतानं, आमच्या डॉक्टरीणबाईंचं पहिलं वाक्य हेच. कळंबच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. बायाबापड्या पदराआड हसायच्या. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू!

आमच्याकडं पोराचे सांधे सुजले की वात समजून गुडघ्यावर बिब्याचा चटका द्यायची रीत. बाईंनी हेरलं होतं, की असा डाग असलेल्या कितीतरी पोरांच्या छातीत ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू येते. "वात कसला, कंपाउंडर? आधी घसा धरतो, मग सांधे. सांधे बरे होतात, पण काळजाची झडप नासते." प्रत्येक डाग, प्रत्येक छाती त्या वहीत टिपायच्या. सुट्टीच्या दिवशी एसटीनं खेडोपाडी जाऊन टिपायच्या.

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. वही चाळून हसले. "बाई, बिब्याचे डाग बघून कुठं संशोधन होतं का? औषधं वाटा."

"वाटते की. पण पोर मरायच्या आधी वाटायचीत."

साहेब चहा न घेताच गेले. असलं तिखट माणूस तुम्ही तरी सरकारी खुर्चीत कधी पाहिलंय का?

मग बाई मला म्हणाल्या, "तुमच्या लेकीला आणा."

"आमच्यात तसलं न्हाय, बाई."

धादांत खोटं! माझ्या आईच्या हट्टापायी सुमनला चटका देताना तिचे पाय मीच दाबून धरले होते. आठ दिवस घास गोड लागला नाही. शेवटी तिला घेऊन गेलो. बाईंनी डाग पाहिला, छाती ऐकली, पुन्हा ऐकली. वाटलं, आता मला फाडून खाणार.

"झडप थोडी धरलीय. अजून वेळ आहे. मोठी होईपर्यंत दर महिन्याला पेनिसिलिन. एकही चुकवायचं नाही."

मी तिथंच रडलो.

दर महिन्याला अशी पोरं ओळीनं यायची. मग वरून हुकूम आला, ताप नसलेल्या पोरांवर पेनिसिलिन खर्चू नये. बाईंनी तो वाचला आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला. लगेच बदली. बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात मी सुई उकळायला ठेवली. नवे डॉक्टर म्हणाले, "हे कुणाच्या हुकमानं?"

"बाईंच्या."

"त्या गेल्या की!"

"बाई गेल्या, साहेब. पोरं इथंच हायत."

नोकरी जायची भीती लई होती. तरी पहिली सुई सुमनला दिली.