भाषणाचा वर्ग आणि आयचा हेल

मी कॅनडाला निघाले तेव्हा आमच्या कोलशेतच्या घरापासून विमानतळापर्यंत गाड्यांची वरातच गेली. आम्हा आगऱ्यांत कोणाला एकटं पाठवायची पद्धत नाही. नवरी असो, बाळंतीण असो, नाहीतर मयत. डोंबिवलीची मावशी सुनांसकट आलेली, शेजारपाजारचे आलेले, ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं ते चुलतेही तोंड फुगवून का होईना आलेले. बाबांनी गाडीपुढे नारळ फोडला. मी मागच्या सीटवर पासपोर्टची पिशवी छातीशी धरून बसले होते आणि मनातल्या मनात देवाला एकच सांगत होते, की आयने तिथे हेल काढू नये. आम्ही आईला आय म्हणतो.

तिने काढलाच. आत जायच्या दारापाशी मी वाकून पाया पडले, तर तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि सगळ्या मुंबईला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली. "माजे बाय गो, सकालची चाय आता कोनाला हाक मारून देऊ गो..." ट्रॉल्या थांबल्या. एक गार्ड धावत आला आणि बाबांना हळूच विचारू लागला, "कोई गुजर गया क्या?" बाबा म्हणाले, "नहीं नहीं, लडकी पढने जा रही है." मी आयच्या कानाशी पुटपुटले, "आये, हळू. लोक बघतात." ती हुंदका आवरून म्हणाली, "बगू दे. त्यांची पन पोरा जातील कवातरी." आणि पुन्हा जिथून सोडलं होतं तिथून उचललं.

ज्यांनी हे कधी ऐकलं नाही त्यांना सांगायला हवं. आमच्याकडच्या जुन्या बाया नुसत्या रडत नाहीत, बोलत बोलत रडतात. आवाज वर चढतो, लांबतो, हळूहळू खाली येतो, आणि त्यात ज्याच्यासाठी रडायचं त्या माणसाचं सगळं येतं. त्याला काय आवडायचं, कोणी त्याला छळलं, कोणतं लुगडं नेसायचं राहून गेलं. मयताच्या घरी बाई उंबऱ्यातच हेल काढते, आतल्या बाया तो उचलतात, आणि मग जी ती आपापल्या गेलेल्यांसाठीही त्यात रडून घेते. आय यात पुढे. लहानपणी ती मिठागरावर राबलेली, तिथे या बांधावरून त्या बांधावर हाक पोचवायची तर आवाज लागतोच. पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, टॉवर उभे राहिले, आवाज तेवढा राहिला. आसपासच्या गावांत कोणी गेलं की बाया आधी विचारायच्या, "कोलशेतवाली आयली का?" मी ठाण्याच्या शाळेत इंग्रजीतून शिकणारी. तिच्यासोबत जायची वेळ आली की मी चपलांपाशीच उभी राहायचे.

टोरांटोजवळच्या ज्या कॉलेजात मी गेले तिथे पहिल्याच सेमिस्टरला पब्लिक स्पीकिंगचा कोर्स सगळ्यांना सक्तीचा होता. मी हे आयला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बोलाला शिकाला कॉलेजान कशाला जायाला पायजे? तोंड उघराचा नि बोलाचा!" मी म्हटलं, तसं नसतं आये, त्याचं शास्त्र असतं. ती म्हणाली, "असंल बाय. जेवलीस का?"

शास्त्र होतंच. शेरिल नावाची आमची शिक्षिका, साठीची, केस पांढरेशुभ्र, पायात नेहमी लाल बूट. तिला नावाने हाक मारायची असा नियम होता आणि माझ्या तोंडून काही केल्या मॅमशिवाय दुसरं निघत नव्हतं. तिने आम्हाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायला शिकवलं. लोकांच्या डोळ्यांत बघायची भीती वाटली तर शेवटच्या रांगेतल्यांच्या कपाळाकडे बघा म्हणाली. पहिल्या वाक्याने माणूस पकडायचा, मग तीनच मुद्दे, मग शेवट, आणि शेवटानंतर गप्प उभं राहून एक श्वास. बोलताना रडू यायला लागलं तर जीभ टाळ्याला घट्ट दाबून धरायची आणि दाराच्या वरच्या चौकटीकडे बघायचं. रडू परत जातं. मी हे घरी करून पाहिलं. खरंच जातं.

माझं पहिलं भाषण ठाण्याच्या खाडीवर होतं. शेरिलने ते फोनवर रेकॉर्ड करून मला ऐकवलं आणि फार मायेने म्हणाली की मजकूर सुंदर आहे, पण तुझं वाक्य गाण्यासारखं वर जातं आणि लांबतं, लोकांना कळत नाही ते संपलं कुठे. शब्द खाली आणून ठेव. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि मला धक्काच बसला. इंग्रजी माझं होतं, आवाज आयचा होता. तोच चढ, तीच लांबण. इतकी वर्षं मी चपलांपाशी उभी राहून ज्याच्यापासून पळत होते, ते माझ्या घशात बसून थेट कॅनडाला आलं होतं.

मग मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. तळघरातल्या माझ्या खोलीत वॉशिंग मशीन चालू असताना मी मोठ्याने वाक्यं म्हणायचे आणि शेवटचा शब्द खाली ठेवायचे. कॉफीच्या दुकानात काउंटरवर उभी असायचे तिथेही "नेक्स्ट गेस्ट, प्लीज" म्हणताना प्लीज खाली. सेमिस्टरच्या शेवटी मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. शेरिलने मिठी मारली. बाबांनी ही बातमी कोलशेत नाक्यापासून खोपटच्या डेपोपर्यंत भेटेल त्याला सांगितली, आमची पोर भाषणात पहिली आली म्हणून. आय फोनवर मला म्हणाली, "तुजा आवाज बदललाय. सर्दी झाली का गो?" मी म्हटलं, नाही आये, असाच झालाय.

त्यानंतर दोनदा मी येईन येईन म्हटलं आणि सुट्टी जमली नाही. मग एका दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर नुसतं घराचं छत दिसत होतं. बाबांना फोन धरवत नव्हता. आय सकाळी तुळशीला पाणी घालताना पडली, ठाण्याला नेईपर्यंत गेली. मी पोचेपर्यंत थांबायचं का, असं बाबांनी विचारलं. नका थांबू असं मीच सांगितलं, कारण तिला बर्फात ठेवलेलं मला सहन होणार नव्हतं. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना, दोघांनाही सांगायचं आहे. लेक उशिरा पोचली तर आमच्याकडे सगळं घर तिची वाट बघत असतं. आयला नेऊन झालं तरी बाया उठत नाहीत. लेकीने उंबऱ्यात हेल काढायचा असतो, आईला हाक मारायची असते, तेव्हा कुठे त्या घराचं रडणं पुरं होतं. मी बॅग घेऊन गाडीतून उतरले तर आतून मावशीचा आवाज आला, "उठ गो बाय, तुजी पोर आयली गो... साता समुद्रांवरना आयली गो..." बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला जागा करून दिली, म्हणजे आवाजाला जागा करून दिली.

मला रडू येत होतं. खूप येत होतं, विमानात एका अनोळखी माणसाने मला स्वतःचा रुमाल दिला होता इतकं. पण त्या सगळ्या नजरा माझ्यावर आल्या आणि माझे पाय आपोआप सारखे उभे राहिले. जीभ टाळ्याला लागली. मी दाराच्या वरच्या चौकटीकडे पाहिलं, तिथे लग्नातलं जुनं तोरण होतं. रडू परत गेलं. आणि मी, माझ्याच घराच्या उंबऱ्यात उभी राहून, स्वच्छ आवाजात म्हणाले, "तुम्ही सगळ्या थांबलात, फार बरं वाटलं."

मावशीचा हेल अर्ध्यावर तुटला. कोणीतरी माझ्या पायांवर पाणी घातलं. आतल्या खोलीत एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "शिकलेली हाय. घट झाली." घट म्हणजे घट्ट मनाची. ती वाईट अर्थाने म्हणाली नव्हती. मला मात्र ते अजून ऐकू येतं.

दहाव्याला खाडीवरच्या घाटावर मांडव होता. आमच्या भागात आता दहाव्याला खुर्च्या असतात, माइक असतो, महाराजांचं प्रवचन असतं आणि मग पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. पिंडाला कावळा केव्हाच शिवून गेला होता, भाषणं संपत नव्हती. एक पुढारी आयचं नाव चुकला. दुसऱ्याने रस्तारुंदीकरणाचा विषय काढला. मग सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं, कॅनडात भाषणकलेत पहिल्या आलेल्या आपल्या गावच्या कन्या. ते बाबांनीच सांगितलेलं असणार. ते समोर मुंडन केलेल्या डोक्याने बसले होते आणि माझ्याकडे आशेने बघत होते.

मी उभी राहिले आणि फार चांगली बोलले. खोटं कशाला सांगू, मी आयुष्यात इतकी चांगली कधी बोललेले नाही. "माझ्या आईला हळू बोलता येत नव्हतं," हे पहिलं वाक्य. लोक हसले, मान हलवू लागले. मग मिठागर, मग तिचं घर, मग तिचा आवाज ज्या ज्या दारांत गेला ती दारं. तीनच मुद्दे. शेवटचा शब्द खाली ठेवला आणि एक श्वास थांबले. इतकी शांतता झाली की मागे बसलेल्या एका कार्यकर्त्याने सभेच्या सवयीने टाळी वाजवली. एकच. मग शेजारच्याने त्याचा हात धरला. एका पुढाऱ्याने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई, निवडणुकीला प्रचाराला या तुम्ही, आपल्याकडे असं बोलणारं कोण नाय."

दुपारी जेवणं उरकल्यावर बाबा ओटीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. मला वाटलं, ते शाबासकी देतील. त्यांनी ती दिलीही. "चांगली बोललीस." मग समोरच्या टॉवरकडे बघत मला म्हणाले, "सगल्यांना सांगलंस ती कशी व्हती. तिला काय सांगलंस?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, लेक आईशी शेवटचं काय बोलली ते. आणि मला तेव्हा कळलं, की हेल काढून रडणारी बाई लोकांशी बोलतच नसते. लोक आजूबाजूला असतात एवढंच. ती गेलेल्या माणसाशी बोलत असते, तोंडावर, तू-तू करून, भांडत, विनवत. मी माइकवरून एवढं बोलले त्यात "तू" एकदाही आलं नव्हतं. बाबा थोड्या वेळाने उठून आत गेले.

मी कॅनडाला परत आले. शेरिलला मी दोष देत नाही, तिने शिकवलं त्यावरच माझं पोट चालतं. ऑफिसात कोणाला प्रेझेंटेशन जमत नसेल तर माझ्याकडे पाठवतात आणि मीही त्यांना कपाळाकडे बघायला सांगते. बाबांचा रविवारी फोन येतो. ते आता फार बोलत नाहीत, घर गप्प आहे म्हणतात. आयच्या मागे गावातल्या मयतांना कोण जातं असं एकदा विचारलं, तर म्हणाले, जातात बाया, पण आता हळूच रडतात, टॉवरमधल्यांसारख्या.

गेल्या महिन्यात देशी किराणा दुकानात मला सुकवलेल्या जवळ्याचं, आय जिची चटणी करायची त्या बारीक कोलंबीचं, पाकीट मिळालं. तिथे ते कधीच नसतं. मी ते घेतलं, गाडीत बसले, पाकीट फोडून वास घेतला आणि माझ्या तोंडून "आये" निघालं. आधी साधंच. मग काचा लावल्या आणि पुन्हा म्हटलं, जरा लांबवून. मग आपसूक चढ आला. "आये गो, तुला न बगता मी कशी परत आयले गो... तू पडलीस तवा कोनाला हाक मारलीस गो..." वेडंवाकडं, मध्येच प्रमाण मराठी, मध्येच इंग्रजी, पण तिचाच आवाज होता. मी तिला सगळं सांगत होते. तू म्हणून सांगत होते.

काचेवर टकटक झाली. एक गोरी आजी, सामानाची ट्रॉली घेऊन वाकून बघत होती, चेहरा खरोखर काळजीचा. मी काच खाली केली. ती म्हणाली, "आर यू ओके, डिअर?" मी म्हणाले, "आय ॲम फाइन, थँक यू." शब्द स्वच्छ, शेवट खाली. तिचं समाधान झालं. ती ट्रॉली ढकलत निघून गेली.

मला कोणी विचारतं, आता घर कुठलं म्हणायचं, कोलशेत की इथलं. कोलशेतला कोणी काचेवर टकटक करून मला 'ओके ना' असं विचारलं नसतं. मावशी असती तर तिने गाडीचं दार उघडलं असतं, शेजारी टेकली असती आणि स्वतःच्या बहिणीसाठी माझ्याहून मोठ्याने रडायला लागली असती, आणि मला एकटीला ते पुरं करावं लागलं नसतं. घर म्हणजे एवढंच होतं. मी काच वर केली आणि पुन्हा "आये" म्हणून पाहिलं. हाक निघाली, पण हेल काही लागला नाही.