तिघंच होते, म्हणून दरोडा नाही

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या चाकणच्या शाखेत दुपारी डबे उघडले की एकाच्या भाजीबरोबर दुसऱ्याचा किस्साही ताटात येतो. पण गेली दोन वर्षं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी फिरून त्या एका मंगळवारावर येतं. भर दुपारी तिघं जण गावठी कट्टा घेऊन आमची छोटीशी सहकारी बँक लुटायला आले, तो मंगळवार. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून आज आम्ही हसतो.

*

आमच्या कॅशियर मंगलताई मूळच्या लातूरच्या, नवऱ्याच्या कंपनीमुळे निगडीत आलेल्या. टोकनशिवाय त्या सख्ख्या भावालाही पैसे द्यायच्या नाहीत! त्या दिवशी तोंडाला रुमाल बांधलेला एक जण काउंटरवर आला. ताईंनी मान वर न करता सतरा नंबरचं पितळी टोकन पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बाकावर बसा, नंबर पुकारते."

बिचारा बसला की हो! साथीदाराने शिवी हासडली, तेव्हा कुठे उठला आणि कट्टा काढला. पुढे पोलिसांनी त्याला पकडलं, तेव्हा ते टोकन त्याच्या खिशातच होतं.

*

चोर गेले. आम्ही सगळे एकमेकांना धरून बसलो. मंगलताईंचे हात मात्र वरच होते. मॅनेजरसाहेबांनी हाका मारल्या, मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तरी हात वरच.

शेवटी आमचे वॉचमन गायकवाडमामा काउंटरच्या आत गेले. मामा जुन्या चाकणातले, आवाज एरवी रस्त्यापलीकडे जाणारा. त्या दिवशी ते अगदी हळू बोलले. "ताई, गेलं ते. आता हात खाली घ्या."

तेव्हा कुठे ताईंनी हात खाली घेतले.

*

संध्याकाळी पोलीस ठाण्यात मामा तावातावाने दरोड्याची हकिकत सांगत होते. फौजदारांनी विचारलं, किती जण होते? तीन, म्हणाले मामा. मग हा दरोडा नाही, फौजदारांनी समजावलं. दरोड्याला पाच तरी लागतात. ही जबरी चोरी.

मामा भडकले. "चोरी माझ्या कोंबड्यांची झालती, सायेब. तवा मला कुणी हात वर करायला न्हाई लावले!"

*

हेड ऑफिसचा फॉर्म मी भरला होता. 'जखमी' या रकान्यात शून्य लिहिलं. ते खरंच होतं. महिन्याभराने उत्तर आलं: जखमी शून्य, सबब घटना हिंसक धरता येत नाही.

त्या मंगळवारापासून गिऱ्हाइकाने नुसता खिशात हात घातला तरी ताईंची नोटांची मोजणी चुकायची. म्हणून त्यांनी कॅशवरून बदली मागितली होती. घटना हिंसक धरली असती, तर नियमाने बदली लगेच मिळाली असती. आता म्हणे, कोर्टात काय ठरतं ते बघू. तोवर ताई रोज त्याच खुर्चीत. माझ्या हातच्या त्या शून्याची मला अजून लाज वाटते.

बँकेचे वकील चहा पिता पिता म्हणाले, "कायद्याला रक्तच लागतं असं नाही. त्या क्षणी मार बसण्याची भीती घातली, तरी पुरे."

ताईंनी एवढंच विचारलं, "पण भीती कोर्टात दाखवायची कशी?"

वकिलांनी बशीतला चहा संपवला आणि दुसरा विषय काढला.

*

कोर्टात कळलं, तो कट्टा प्लॅस्टिकचा होता. जत्रेत मिळतो तसला.

आरोपीच्या वकिलांना तेवढंच हवं होतं. ताई साक्षीला उभ्या राहिल्या. तुम्हाला ओरखडा आला का? नाही. कुणी हात लावला? नाही. मग हिंसा झाली कुठे, असं म्हणत त्यांनी टेबलावरचं ते खेळणं उचललं आणि ताईंकडे वळून विचारलं, "याला घाबरलात तुम्ही?"

ताईंचे दोन्ही हात वर गेले होते.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, ताईंकडे पाहिलं आणि लेखनिकाला म्हणाले, "साक्षीदाराने हात वर केले. लिहून घ्या."

लिहून झालं. वकिलांनी खेळणं खाली ठेवलं. ताईंचे हात वरच होते.

मामांची साक्ष मागच्याच तारखेला झाली होती, त्यामुळे ते माझ्या शेजारी बाकावर बसले होते. ते उठले. दारातला शिपाई त्यांना बसवायला पुढे आला, तर न्यायाधीशांनी मानेनेच त्याला नको म्हटलं.

"ताई," मामा हळू आवाजात म्हणाले, "गेलं ते. आता हात खाली घ्या."