डुकराचं म्हणून सारवलेलं रक्त

"हात चालव गं लवकर. डुकराचं रगत हाय, माशा बसायल्यात."

पाटलीणबाई ओट्यावरून ओरडत होत्या. मी खाली, गुडघ्यांवर. वाड्याच्या आत आम्हाला पाय टाकायची बंदी. पण दाराबाहेरचं अंगण झाडायचं, शेण काढायचं, सारवायचं ते महारवाड्यानं. आय शेण कालवून देत होती. दाराच्या डाव्या अंगाला रक्त सांडलं होतं. पाटलाचा थोरला मुलगा बंदूक घेऊन शिकारीला जायचा, म्हणून मला काही वाटलं नाही. रक्त चिकट झालं होतं. शेणात मिसळेना. मी जोर लावून सारवलं, वर आणखी एक हात दिला. काम झाल्यावर पाटलीणबाईंनी लांबूनच शिळी भाकरी टाकली. आयनं ती पदरात झेलली.

ते रक्त माझ्या बापाचं होतं.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. आमचं गाव भूमच्या बाजूला. माझं लग्न झालेलं, माहेरपणाला आले होते. बा गावाचा येसकर, वेशीचा राखणदार. पाटलाचं टपाल घेऊन भूमला जायचा, कधी तिकडंच मुक्काम करायचा. त्यामुळं आदल्या रात्री तो घरी आला नाही याचं आम्हाला नवल नव्हतं. सारवलं त्याच दिवशी दुपारी गुराखी ओरडत आले. बा ओढ्यात पालथा पडला होता. पाठीत गोळी.

आय आधी रडलीच नाही. बाच्या अंगाखालची वाळू तिनं हातानं चाचपली. वाळू कोरडी होती. मग तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. नखांत अजून शेण होतं.

दोघींना एकदमच कळलं. डुक्कर मारलं असतं, तर ते वाहून आणायला महारवाड्यातलीच माणसं बोलावली असती. मुंडकं आणि पाय आमच्या वाट्याला आले असते. रीतच होती. त्या दिवशी ना बोलावणं आलं, ना मुंडकं आलं. एवढी पाठ असलेली रीत, पण सारवताना आमच्या मनात आली नाही. सांगितलं ते करायचं, विचारायचं नाही, हेच अंगात मुरलेलं. आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

अमीन, म्हणजे त्या वेळचा फौजदार, दुसऱ्या दिवशी येणार होता. तोवर आमच्याच माणसांनी ओढ्यात मढं राखत बसायचं. आणि चावडीवर वाद पेटला. एक म्हणे, रझाकारांनी मारलं, गोळी त्यांचीच. दुसरा म्हणे, सरहद्दीपलीकडून निजामाशी लढणाऱ्या कँपवाल्यांनी मारलं, सरकारी टपालवाला समजून. गोळी कुठून आली, किती लांबून आली, यावर लोक हातवारे करून भांडत होते. पुढं भूमच्या बाजारातही तेच. सगळे हुशार. वाड्यातल्या बंदुकीचं नाव मात्र कुणाच्या तोंडात येईना. आणि आम्हाला कुणी विचारेना.

अमीन आला. आधी वाड्यावर जेवला. मग चावडीत कागद झाला. कँपवाल्यांच्या गोळीनं ओढ्यात मेला, असं लिहिलं. उर्दूत. आयला पायरीखाली उभं करून अंगठा मागितला. आयनं हात पुढं केला. मी तो धरला.

"सायेब, ओढ्यात रगत न्हाय. रगत वाड्याम्होरं हाय. सारवण उकरा."

पाटील हसला. "पोरगी बिथरलीय, सायेब." पण अमीन उठला, वाड्यासमोर आला. उकरायला कुणी पुढं होईना. मीच बसले. नखांनी उकरलं. वरचा पापुद्रा निघाला, खालची माती काळी झालेली.

"ये क्या है?" अमीनानं विचारलं. तो वाकला होता. मातीपासून हातभर अंतर राहिलं होतं. मला वाटलं, आता माझ्या बाला न्याय मिळतो.

"डुकराचं रगत हाय, सायेब," पाटलाचा थोरला मुलगा म्हणाला.

"तोबा!" अमीन दोन पावलं मागं सरला. नाकाला रुमाल लावला. त्या मातीला तो आता हात लावणार नव्हता, आणि हे पाटलाला पक्कं माहीत होतं. सावलीवरून आमची जात ओळखणारं ते घर. रक्तावरून माणूस आणि डुक्कर त्यांना ओळखता आलं नाही.

"उकरलंस तसं सारव आता," पाटलाचा मुलगा म्हणाला.

"न्हाय सारवणार."

"काय म्हणलीस?"

"माझ्या बाचं रगत हाय. न्हाय सारवणार."

त्यानं कमरेत लाथ घातली. मी पडले, पण शेणाच्या पाटीला हात लावला नाही. अमीन तिकडं हात धूत होता. संध्याकाळी आयचा अंगठा त्यांनी घेतलाच. तेव्हा ती रडली. तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. वर्षाच्या आत ती गेली. बाला का मारलं, ते मला आजवर कळलं नाही.

सासरहून निरोप आला. पाटलाशी वैर घेणारी सून नको. मी माहेरातच राहिले, दुसऱ्या गावच्या शेतात रोजानं जाऊ लागले.

मग निजाम गेला. चावडीतला वादही एका दिवसात मिटला. आता सगळ्यांनी ठरवलं, येसकराला रझाकारांनीच मारलं. चावडीसमोर सभा भरली. पाटलाच्या डोक्यावर पांढरी टोपी. शेजारी त्याचा थोरला मुलगा, हातात फुलांचा हार. मला बोलावणं आलं. आणि जन्मात पहिल्यांदा त्या गावानं मला सतरंजीवर बसायला सांगितलं.

पाटील बाच्या नावानं बोलला. हुतात्मा म्हणाला. आवाजसुद्धा कापरा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा हार घेऊन माझ्यासमोर आला.

मी सतरंजीवरून उठले. मातीत उभी राहिले.

"माझ्या बाला ह्यानं मारलं. ह्याच्याच बंदुकीनं."

टाळ्या थांबल्या. कुणी खाली पाहिलं, कुणी पाटलाकडं. "खाली बस," मागून कुणीतरी म्हणालं. मी बसले नाही. तेच मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं.

नवे पोलीस आले, त्यांनाही सांगितलं. पुरावा काय, असं विचारतात. हाकलतात. मी पुन्हा जाते. बा माझा हुतात्मा नव्हे. त्याचा खून झाला. खुनी याच गावात आहे. मीही इथंच आहे, आणि मी गप्प बसणार नाही.