लॉनमधले पाच गोटे

मित्रांनो, धानोऱ्याला नव्या घरापुढे लॉन करायचं म्हणून महिन्याआधी मी जमीन सपाट केली, वाटेकडचा गोट्यांचा ढीग फेकला आणि दुबी गवताच्या काड्या रोवल्या.

आज सकाळी पाहिलं, तर सगळीकडे हिरवे कोंब, फक्त ढिगाची जागा उघडी. तिच्यावर पाच गोटे ठेवलेले. भोवतीच्या ओल्या मातीत एकही पाऊल नाही.

कामाला येणाऱ्या शेवंताबाई थबकल्या. "भाऊ, ढीग तुमी फेकला? तिथून एका बाईले वाघानं नेलं होतं. येणारा-जाणारा तिच्या नावानं गोटा ठेवते."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठी? तुमाले तं गवत पायजे होतं."

मी हात जोडून सहावा गोटा ठेवला. आधीचे पाच कोणी ठेवले, हे मात्र शेवंताबाईंना विचारायचा धीर झाला नाही. तुम्ही विचारलं असतं का?