दुसरा फटका

बदरुन्निसा दापोलीकडच्या खाडीकाठची. लग्नानंतर १९९१ मध्ये ती दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला आली. नवरा खैरुद्दीन तिथल्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता. लोखंडी टाक्या बनवायचं काम. माणूस कष्टाळू, मुलीवर जीव टाकणारा, पण डोकं फिरलं की हाताला लागेल ते फोडायचा. फ्रिजच्या दाराला मोठा पोचा होता आणि न्हाणीघराच्या दाराला बुक्कीएवढं भोक. बायकोवर मात्र त्याने कधी हात उचलला नव्हता. शेजारणीने विचारलंच तर बदरुन्निसा म्हणायची, त्यांचा राग वस्तूंवर निघतो. हे सांगताना तिला स्वतःचं नशीब बरं वाटायचं.

शुक्रवारी वर्कशॉपवाल्यांचं क्रिकेट चाले. वस्तीमागच्या खारट, कडक जमिनीवर सिमेंटची पट्टी ओतली होती आणि टेनिसच्या चेंडूला काळी टेप गुंडाळून सामने व्हायचे. खैरुद्दीन त्यांचा फास्ट बोलर. बायका तिकडे फिरकत नसत. पण सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात फायनल आली आणि पाच वर्षांच्या नबिलाने हट्टच धरला. शाळेत जायला लागल्यापासून ती इंग्रजीतच बोलायची. "आय वॉन्ट टू सी अब्बा प्ले," एवढं एकच वाक्य आठवडाभर चाललं होतं. शेवटी खैरुद्दीनच म्हणाला, चला, सगळेच जाऊ. बदरुन्निसाने सांदणं केली, मटणाचा रस्सा डब्यात भरला, आणि मित्राच्या पिकअपमधून तिघं मैदानावर गेली.

सुरुवात फार छान झाली. फायनल म्हणून आणखीही काहींची बायकामुलं आली होती. पिकअपच्या सावलीत चटई पसरून मायलेकी बसल्या. खैरुद्दीनने पहिली विकेट काढली तेव्हा नबिला उड्या मारत सीमारेषेपर्यंत धावली, आणि त्यानेही तिकडूनच हात हलवला. इतक्या लोकांत हसणारा नवरा बदरुन्निसा प्रथमच पाहत होती.

समोरची टीम ट्रक यार्डवाल्यांची. त्यांचा कॅप्टन मोहिद्दीन पूर्वी खैरुद्दीनच्याच हाताखाली होता आणि भांडून सोडून गेला होता. शेवटच्या ओव्हरला तोच बॅटिंगला होता. रनआउटचं अपील झालं. अंपायर म्हणून उभे होते वर्कशॉपचे स्टोअरकीपर तुकारामभाऊ. स्वतःच्याच टीमच्या विरुद्ध त्यांनी नॉटआउट दिलं. खैरुद्दीनने त्यांची कॉलर धरली. मोहिद्दीन मध्ये पडला आणि म्हणाला, "सोड त्यांना. बायकोपोरीसमोर तरी माणसासारखा वाग."

खैरुद्दीनने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. मोहिद्दीनच्या ओठातून रक्त आलं. मग दोन्हीकडची माणसं धावली. कुणी स्टम्प उपटले, कुणी दगड उचलले. एका ड्रायव्हरच्या कपाळावर स्टम्प बसला आणि तो गुडघ्यावर बसून डोळ्यांतलं रक्त पुसू लागला. त्याच्या अंगावरून दोघंजण एकमेकांना लाथा घालत गेले. बायका मुलांना ओढून पिकअपमध्ये कोंबत होत्या. बदरुन्निसाने वळून पाहिलं तर नबिला चटईवर नव्हती.

ती थेट वडिलांकडे निघाली होती. त्या गर्दीत खैरुद्दीनने मोहिद्दीनला खाली पाडलं होतं आणि त्याचीच बॅट हिसकावून त्याच्या बरगड्यांवर मारत होता. नबिलाने मागून त्याची पँट पकडली. त्याने न बघताच पाय झटकला आणि पोरगी सिमेंटवर आपटली. तोवर बदरुन्निसा पोचली होती. बॅट या वेळी डोक्याच्या दिशेने येत होती. काही विचार करायला वेळच नव्हता. ती मोहिद्दीनवर वाकली आणि तिने हात पुढे केला.

हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. तिने वर पाहिलं. खैरुद्दीन तिच्याकडेच बघत होता.

"बदरू, बाजूला हो," तो म्हणाला, आणि त्याने बॅट पुन्हा उचलली.

ती हलली नाही. दुसरा फटका तिच्या खांद्यावर बसला. तेव्हा तुकारामभाऊंनी आणि आणखी दोघांनी मागून झडप घालून त्याला खाली दाबलं. नबिला सिमेंटवर बसूनच "स्टॉप, अब्बा, स्टॉप" म्हणत होती. सगळं थांबल्यावरही ती म्हणतच राहिली.

हॉस्पिटलमध्ये हाताला प्लास्टर घातलं. पोलीस जबाब घ्यायला यायच्या आधी खैरुद्दीनचे दोस्त येऊन गेले. पडले असं सांगा, म्हणाले, नाहीतर त्याची नोकरी जाईल, व्हिसा जाईल, तुम्हीही गावी बसाल. पलीकडच्या वॉर्डातून मोहिद्दीननेसुद्धा निरोप पाठवला की भाबी, माझी तक्रार नाही, पोरीकडे बघून मिटवा. तिला सगळ्यांचं पटत होतं. संसार मोडायची तिलाही भीती होती.

पोलीसवाला तरुण होता, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याने विचारलं, पडलात का? बदरुन्निसाने शेजारी झोपलेल्या नबिलाकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला टाके होते.

"गिरी नहीं, साहब. मारा है," ती म्हणाली. "मेरे शौहर ने."

खैरुद्दीनला शिक्षा झाली आणि ती संपताच त्याला भारतात परत पाठवलं. सासरच्यांनी बदरुन्निसाशी बोलणं टाकलं. वस्तीतल्या काही बायकाही तिला टाळू लागल्या. ती शारजाला गेली आणि एका केरळी बाईंच्या नर्सरीत मुलं सांभाळू लागली. व्हिसा त्या बाईंनीच दिला. नबिलाच्या व्हिसाच्या कागदांसाठी तिने ऑफिसांचे इतके खेटे घातले की शिपाईही तिला सलाम करायचे. खैरुद्दीन दापोलीहून फोन करायचा. मला दिसलंच नाही, रागात तू आहेस हे कळलंच नाही, असं दर वेळी सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि फोन नबिलाला द्यायची. नबिला "हॅलो" म्हणून गप्प व्हायची.

२००२ च्या सुट्टीत ती मुलीला घेऊन गावी गेली. खैरुद्दीनने दापोलीच्या बाजारात खिडक्यांच्या ग्रिल बनवायचं दुकान टाकलं होतं. तो तिच्या माहेरच्या घरी आला, ओट्यावर अवघडून बसला. नबिला दहा वर्षांची झाली होती. ती समोर उभी राहिली आणि तिने मराठीत विचारलं, कारण हे त्याला नीट समजायला हवं होतं.

"अब्बा, तुम्हाला अम्मी दिसली होती का?"

आत चुलीपाशी बदरुन्निसाने तवा खाली ठेवला.

"दिसली होती," खैरुद्दीन म्हणाला.

बदरुन्निसा भाकरी घेऊन बाहेर आली. तिने त्याला वाढलं, समोर बसून जेवू घातलं. तो जेवताना रडत होता आणि तिने त्याला गप्प केलं नाही. त्याने विचारलं, आता इथेच राहाल का. ती नाही म्हणाली. शाळा उघडायच्या आधी मायलेकी शारजाला परतल्या. त्यानंतर मात्र फोन आला की नबिला बोलायची, कधी शाळेतलं, कधी नुसतंच हवापाण्याचं.