डाव्या नळीतली चिंधी

लग्नानंतर शहरातलं, धरमपेठेतलं माहेर सोडून मी नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत राहायला आले. सासरे पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरी करून निवृत्त झालेले. मी त्यांना मामाजी म्हणायची. वानरं हाकलायला त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती, दर नळीला वेगळा घोडा. मोतीबिंदूमुळे त्यांना जवळचं दिसेना, तेव्हा बंदूक साफ करायचं काम माझ्याकडे आलं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

मामाजी नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवून माझ्यापुढे ठेवत. "रायफलीत तांबं बसते, हिच्यात शिसं," ते सांगत. "त्याच्याखाली ओल धरते अन् नळी सडते." छर्रे घासून गेल्याचे करडे पट्टे आत दिसत. घासलेटात बुडवलेला पितळी तारेचा ब्रश गजाला लावून मागच्या बाजूने घालायचा, पट्टे सुटेपर्यंत घासायचं, मग चिंध्या फिरवायच्या. शेवटी नळीतून उजेड पाहायचा.

मला तेवढंच जमत नसे. काडतूस नाही, घोडा नाही, नुसती लोखंडी नळी, हे कळत असूनही तिला डोळा लावायची मला भीती वाटायची. मी नळी तोंडासमोर धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. मामाजींना काय दिसणार?

त्या दुपारी डाव्या नळीतलं शिसं काही केल्या निघेना. मी ब्रशवर चिंधी घट्ट गुंडाळली आणि जोर लावला. नळी तोंडाशी जराशी अरुंद असते, तिथे गज अडला. हिसका देऊन मी तो मागे ओढला. तेवढ्यात बागेतून सासूबाईंची हाक आली, वानरं उतरली होती.

मामाजींनी घाईने बंदूक जोडली. "उजेड पाह्यला?"

"हो, पाहिला," मी म्हणाले.

ते गेले. मी चिंध्या धुवायला घेतल्या. जुन्या धोतराचे चार तुकडे मी स्वतः फाडले होते, हातात तीनच आले. बाजेखाली पाहिलं, बादलीत पाहिलं. मग ब्रश पाहिला. तो उघडा होता.

बागेत बार झाला.

मी अनवाणी धावत सुटले. पाटातल्या चिखलात दोनदा पडले. नळीत काही अडकलेलं असलं तर बार होताना ती फुटते, बोटं जातात, डोळे जातात, हे मामाजींनीच मला सांगितलं होतं. पुढच्या झाडाखाली ते कसे पडलेले दिसतील, एवढंच डोळ्यांपुढे होतं. ते दिसले तेव्हा उभे होते, खांद्याला बंदूक लावून पुन्हा नेम धरत होते. ऐकू त्यांना कमी यायचं. मी ओरडले, त्यांनी वळून पाहिलं नाही. तोवर पाया पडण्याखेरीज सासऱ्यांना मी कधी स्पर्शही केला नव्हता. मी जाऊन त्यांचा हातच धरला.

"काहून, काय झालं?"

"डावीत चिंधी राहिली. मी पाहिलं नव्हतं, मामाजी. खोटं बोलले."

त्यांनी घोड्यावरचं बोट काढलं, बंदूक मधोमध वाकवून उघडली आणि दोन्ही काडतुसं बाहेर काढली. उजवं रिकामं होतं, डावं भरलेलं. नळ्या आभाळाकडे धरून ते म्हणाले, "पाह्य."

मी पाहिलं. उजवीकडे उजेडाचं गोल कडं. डावीकडे मिट्ट काळोख.

त्यांनी एक सरळ फांदी तोडली, सोलली आणि मागून नळीत सारली. काळी पडलेली चिंधी गवतात पडली. मग ते बांधावर बसले. बिडी पेटवायला गेले, तीन काड्या विझल्या. चौथी त्यांनी ओढलीच नाही.

"पहिले उजवा घोडा ओढाची सवय हाये मले," ते म्हणाले. "म्हणून वाचलो."

मी रडायला लागले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"भेव वाट्टे का तुले नळीत पाह्याले?"

मी मान डोलावली.

"मंग सांगाचं होतं ना, बाई. भेव सांगतलं त त्याच्यावर काही करता येते." मग म्हणाले, "आता तू साफ केली का मी नळीतून काडी घालून पाह्यतो. मी जोडली का तू इचार, काडी घातली का म्हणून. इचारल्याबिगर मले जाऊ देऊ नको."

घरी माझा चिखलाने भरलेला पदर पाहून सासूबाईंनी विचारलं. मामाजींनी पाटात पाय घसरला म्हणून सांगितलं.

पुढे कितीतरी महिने बागेत पहिला बार झाला की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची, आणि दुसरा ऐकू येईपर्यंत आत जायची नाही. कधी दुसरा होतच नसे. तेव्हा ते बांधावरून चालत येताना दिसेपर्यंत मी तशीच थांबायची.