थंड लागतंय का?

शिंप्याच्या दुकानात सगळे तिला काजबाई म्हणत. शिवून झालेल्या सदऱ्यांना काजं करायची, बटणं लावायची, एवढंच तिचं काम. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, भाऊ होता पण असून नसल्यासारखा. रविवारी दुकान बंद, म्हणजे तिचं तोंडही बंद.

पोटात गाठी वाढल्या, गर्भाशय काढायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. पूर्ण भूल, म्हणजे गाढ झोप. नाहीतर कमरेत सुई, म्हणजे पोटापासून खालचं अंग बधिर, पण बाई जागी. भीती वाटलीच तर थोडं गुंगीचं औषध.

"सुईच द्या. आणि गुंगी नको," काजबाई म्हणाली. "झोपायला घर आहे की."

सुयांशी जन्माची सोबत असलेल्या बाईला आणखी एका सुईचं काय भय? भय होतं ते झोपेचं. जाग आल्यावर उशाशी कोण असणार होतं?

सुई दिल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंग बधिर झालं का ते बघायला स्पिरिटचा गार बोळा पोटावर टेकवला.

"थंड लागतंय का?"

"लागतंय."

थोड्या वेळाने पुन्हा. "आता?"

"लागतंय की."

इतक्या मायेने तिला कोणी काही विचारल्याला युगं लोटली होती. 'नाही' म्हटलं की विचारणं संपणार, एवढं तिने हेरलं. शहाणी कसली, वेडीच!

"सुई लागू पडलेली दिसत नाही," डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या. "पूर्ण भूल द्यावी लागेल."

मास्क तोंडाजवळ आला, तशी ती घाबरली. "नाही लागत थंड. मघापासूनच नाही."

"मग लागतंय कशाला म्हणालात?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि रागवायलाच हवं होतं. चिमटे काढून त्यांनी खात्री करून घेतली. मग स्टूल ओढून उशाशी बसल्या आणि पडद्यापलीकडे काम चाललं होतं तोवर काजांबद्दल विचारत राहिल्या. काजबाई बोलली, पोटभर बोलली.

संध्याकाळी वॉर्डात शेजारच्या खाटेभोवती माणसांचा गराडा होता. डॉक्टरीणबाई आल्या.

"पायाचा अंगठा हलतोय का, बघू."

अंगठा केव्हाचाच हलत होता. नाही म्हणावं, असं फार वाटलं. पण एकदा अंगाशी आलं होतं. तिने अंगठा हलवून दाखवला.

"छान," म्हणून डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. काजबाई चादरीखाली अंगठा हलवत राहिली.